पडद्याची पत्रिका

लग्नाच्या बाजारांत पत्रिकेला जें महत्त्व असतें, तेंच हल्लीं टीव्हीच्या बाजारांत गुणपत्रकाला आलें आहे, असें माझें मत बनत चाललें आहे. मुलगी कशी आहे हें विचारण्यापूर्वीं छत्तीसांपैकीं किती गुण जुळतात हें जसें वडील माणसें पाहतात, तसेंच चित्र कसें दिसतें हें पाहण्याआधीं पिक्सेल किती, हर्ट्‌झ किती, निट्स किती, याची चौकशी आजचीं तरुण मंडळी करतात. पत्रिका खोटी असते असें नव्हे. परंतु तिच्यांत एका बाजूचेच ग्रह मांडलेले असले, म्हणजे ती कितीहि बारकाईनें वाचली तरी व्यर्थ, हें मला अलीकडेच एका प्रसंगानें कळलें. तो सांगण्यासाठीं हा लेख.

जळगांवहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या कांठीं आमचें पहूर आहे. तेथील जुन्या घरांत आम्ही तिघे भाऊ अद्याप एका चुलीवर जेवतों. आईला एक्क्याऐंशीवें वर्ष लागलें, तेव्हां तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिला काय द्यावें याचा बराच खल झाला. शालजोडी ती पेटींत ठेवून देते, सोनें सुनांना वांटून मोकळी होते, आणि यात्रेचें नांव काढलें कीं, "गुडघे कोणाचे उसने आणायचे?" असें विचारते. अशांत २०२५ च्या नवरात्रांत घरांतला बत्तीस इंची संच आपण होऊनच बंद पडला आणि प्रश्न सुटला असें सर्वांना वाटलें. कीर्तन, बातम्या आणि सायंकाळच्या दोन मालिका हाच आईच्या दिवसांतला विसावा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. धाकट्या भावानें हा मुद्दा इतक्या वेळां सांगितला कीं, सरकारनें ही सवलत आमच्या आईच्या वाढदिवसासाठींच दिली असावी, असा ऐकणाराचा समज व्हावा.

मग अटी निघाल्या. पुण्याहून पुतण्यानें दूरध्वनीवरून बजावलें, "काका, फोर के आणि एकशेवीस हर्ट्‌झ यांच्याखालीं येऊं नका." दादा म्हणाले, "नांव मोठें पाहिजे. नांवाला मोल असतें." धाकट्याला किंमत पाहायची होती. माझ्या पत्नीनें एवढेंच विचारलें, "अहो, भिंतीला भोकें किती पडणार?" मी शाळेंत तीस वर्षें शास्त्र शिकवून निवृत्त झालेला, तेव्हां या सर्व अटींचा मेळ घालण्याचें काम माझ्याकडे आलें.

आमच्या घराला टीव्ही नवा नव्हता. मुंबईचें दूरदर्शन केंद्र १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालें. परंतु आमच्याकडे यंत्र आलें तें १९८७ सालीं, रामायण मालिकेच्या ओढीनें. कृष्णधवल चित्र, गच्चीवर उंच नळाला बांधलेली ॲन्टेना, आणि ती फिरवायला मी. रविवारीं सकाळीं निम्मी आळी आमच्या ओसरीवर असे. आई यंत्राला हळदकुंकू वाही, फूल ठेवी, आणि आलेल्या बायकांना पुढें बसवून आपण स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी राही. तेथून तिला काय दिसत असेल, हा प्रश्न त्या वेळीं माझ्या मनांत आला नाहीं. पुढें रंगीत यंत्र आलें, मग चपटें आलें. आईची जागा मात्र सर्वांच्या मागेंच राहिली. अलीकडे ती झोपाळ्यावर बसते. पडद्यापासून तो बरोबर बारा फूट आहे. "टीव्हीच्या जवळ बसूं नये, डोळे बिघडतात," हा नियम तिनेंच आम्हांला लहानपणीं घालून दिला होता, आणि तो ती स्वतः पाळीत होती.

मी अभ्यासाला बसलों. पहिला गुण आकाराचा. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे, आणि येथेंच ग्राहक फसतो. पंचावन म्हणजे बत्तिसाच्या पावणेदोन पट हें खरें. परंतु डोळा रेघ पाहत नाहीं, क्षेत्र पाहतो, आणि क्षेत्र जवळजवळ तिप्पट होतें. दुसरा गुण पिक्सेलांचा. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचें बनतें ते फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असतात. म्हणजे सुमारें वीस लाख. फोर के पडद्यावर ते ३८४० आणि २१६० असतात; म्हणजे चौपट. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु निरोगी डोळ्यालाहि दोन ठिपके वेगळे दिसावयास त्यांच्यांत सुमारें एक कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन लागतो. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका सुमारें अर्धा मिलिमीटर असतो. गणित केलें तेव्हां आढळलें कीं, साडेपांच फुटांपलीकडे हे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. मग बारा फुटांवरच्या माणसाला फोर केचा उपयोग काय? त्यांतून आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळशा वाहिन्यांचें चित्रच जुन्या मापाचें, ५७६ ओळींचें. बारीक जाळीच्या चाळणींतून जाड रवा चाळला म्हणून त्याचा मैदा होत नाहीं.

तिसरा गुण प्रकाशाचा, आणि नांवांचा घोटाळा सर्वांत अधिक येथेंच आहे. दुकानांत ज्याला एलईडी म्हणतात तो वस्तुतः एलसीडीच. फरक इतकाच कीं त्याच्या पाठीमागें एलईडीचे दिवे असतात. आपला आकाशकंदील घ्या. दिवा आंत, रंगीत कागद बाहेर. कागद काळा असला तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून या पडद्यावरची अमावास्येची रात्र राखाडी दिसते. ओएलईडीची गोष्ट दीपमाळेची. तेथें प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र पणती. विझविली कीं खरा काळोख. मात्र एकच चित्र तासन् तास राहिलें तर त्याचा डाग पडद्यावर राहण्याची भीति, आणि किंमत मोठी. आकाशकंदिलांतहि दोन जाती आहेत. व्हीए जातीच्या पडद्यांत काळा रंग गडद, पण बाजूनें पाहिलें कीं रंग उतरतात. आयपीएस जातींत काळा रंग फिका, पण कडेला बसलेल्यालाहि चित्र समोरच्यासारखेंच दिसतें.

राहिले किरकोळ गुण. आपल्या चित्रपटांतील चित्रें सेकंदाला चोवीसच असतात. तेव्हां गुणपत्रकांत दोनशेंचा आंकडा दिसला तर पुष्कळदां तीं यंत्रानें मधल्यामधें कल्पिलेलीं चित्रें असतात. एचडीआर लिहिलें म्हणजे तसा संकेत यंत्राला वाचतां येतो इतकाच अर्थ. तो दाखविण्याइतकें तेज त्याच्यांत आहे कीं नाहीं, हें निट्सच्या आंकड्यावरून ठरतें. अडीचशें-तीनशें निट्सच्या पडद्याला एचडीआर म्हणणें म्हणजे मिणमिणत्या कंदिलाला सूर्य म्हणण्यापैकीं होय.

आतां दादांचें मोठें नांव. येथें तर दत्तकविधानाचा सुकाळ आहे. कोडॅक हें नांव आपल्याला फोटोच्या फिल्मचें म्हणून ठाऊक आहे, थॉमसन फ्रान्समधलें. परंतु या दोन्हीं नांवांचे संच भारतांत नोएडाची एक कंपनी परवाना घेऊन काढते. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ सालीं चीनच्या हायसेन्सकडे गेला. सोनीच्या ओएलईडी संचाचा पडदा सोनीच्या कारखान्यांत बनत नाहीं. जगांतल्या बहुतेक पडद्यांचें मूळ आज चीनच्या थोड्या मोठ्या कारखान्यांत आहे. आपल्या अजिंठ्यापलीकडे, त्या वेळच्या औरंगाबादेजवळ पैठण रस्त्यावर चितेगांवला, व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत आणि तें नांव घरोघर होतें. २०१८ सालीं त्या कंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें गेलें. एवंच, नांवावरून कूळ कळत नाहीं, आणि कुळावरून आयुष्य कळत नाहीं. मीं दादांना म्हटलें, "नांवाऐवजीं तीनच गोष्टी विचारूं. दुरुस्तीचा माणूस जळगांवांत आहे कीं नाहीं, पडदा गेला तर हमी किती वर्षांची, आणि आंतल्या प्रणालीची डागडुजी कंपनी किती वर्षें करणार?" दादांना हें पटलें, निदान ते गप्प बसले.

जळगांवच्या दुकानांत भिंतभर पडदे झगमगत होते. सर्वांवर तींच फुलें, तेच मासे. माझ्या लहानपणीं अजिंठ्याचीं लेणीं दाखविणारे लोक दाराशीं आरसा किंवा पांढरें कापड धरून उन्हाचा कवडसा आंत टाकीत, आणि भिंतीवरची काळवंडलेली आकृति एकदम जिवंत होई. कवडसा हलला कीं ती पुन्हां अंधारांत जाई. दुकानदारहि असाच कवडसा टाकीत असतो. तेथें प्रत्येक संच भडक तेजावर लावलेला असतो; घरच्या उजेडांत तसा तो कोणी लावीत नाहीं. मीं विक्रेत्याला रंग साधे करून एखादी साधी बातम्यांची वाहिनी लावावयास सांगितलें. त्यासरशीं निम्म्या पडद्यांचें तेज उतरलें. तो विक्रेता वयानें लहान, पण शहाणा होता. त्यानें विचारलें, "काका, पाहणार कोण? आणि किती अंतरावरून?"

"घरचे सगळेच," मीं उत्तर दिलें. "बारा फुटांवरून."

या उत्तरांत कांहीं चुकलें असें मला वाटलें नाहीं. अंतर मीं स्वतः फीत लावून मोजलें होतें.

त्या दिवशीं सौदा झाला नाहीं. त्रेचाळीस कीं पंचावन, हा वाद उरला होता. तो मिटविण्यासाठीं मीं घरीं येऊन माझा मास्तरकीचा उपाय काढला. पंचावन इंची पडदा अठ्ठेचाळीस इंच रुंद आणि सत्तावीस इंच उंच असतो. भिंतीवर कोळशानें तेवढा आयत काढला, आणि मुलांना क्षेत्रफळ समजावें म्हणून पट्टी लावून त्याचे तीन-तीन इंचांचे चौकोन पाडले. आडवे सोळा, उभे नऊ. एकूण एकशें चव्वेचाळीस. त्रेचाळीस इंची संच त्यांतले सुमारें अठ्ठ्याऐंशीच चौकोन व्यापतो, हें मीं मोठ्या उत्साहानें दाखवीत होतों. भिंत खराब केल्याबद्दल पत्नी मागून बोलत होती. इतक्यांत झोपाळ्यावरून आई म्हणाली,

"अरे, तूं मास्तर ना? मधल्या रेघा अशा वांकड्या कां काढल्यास?"

मुलें हंसलीं. मीहि हंसलों. पट्टी लावून काढलेल्या रेघा. त्या वांकड्या कशा असतील? मीं पुन्हां पट्टी लावून दाखविली.

"कडेच्या सरळ आहेत," आई म्हणाली. "मधल्या पाण्यांत पडल्यासारख्या हलतात. आणि अगदीं मधें तर तूं पुसूनच टाकलें आहेस."

मधें कांहींहि पुसलेलें नव्हतें. मी तिच्याजवळ गेलों आणि एक डोळा झांकून पाहावयास सांगितलें. डाव्या डोळ्यानें तिला मधला भाग दिसतच नव्हता. उजव्यानें दिसत होता, पण तो लहरी-लहरींचा. दहा वर्षांपूर्वीं तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हांपासून तिचे डोळे उत्तम आहेत असें आम्ही सारे धरून चाललों होतों.

"किती दिवस असें दिसतें आहे?" मीं विचारलें.

"डाव्याचें वर्ष झालें असेल. उजव्याचें हें दिवाळीपासून." मग जरा थांबून ती म्हणाली, "मालिकेंतलीं माणसें मला आवाजावरून कळतात रे. तोंडें दिसत नाहींत. पण कथा समजते."

"मग सांगितलें कां नाहींस?"

"वय झालें, एवढेंच ना डॉक्टर सांगणार? आणि तुम्ही सगळे रंगून पाहत असतां, मधेंच कोण उठवणार तुम्हांला!"

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं तिला जळगांवला नेत्रवैद्यांकडे नेलें. डोळ्याच्या मागच्या पडद्याला मध्यभागीं एक लहानशी जागा असते. अक्षर, चेहरा, सुईचें नाक, जें जें म्हणून आपण रोखून पाहतों तें तिच्यामुळेंच दिसतें. उतारवयांत कांहींची ही जागा झिजते. आईचा डावा डोळा या झिजेनें मंदावला होता, आणि उजव्यांत नव्या नाजुक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपूं लागलें होतें. गेलेलें परत आणतां येत नाहीं, पण झिरपणें इंजेक्शनांनीं रोखतां येतें, आणि त्यांत दिवसांचा हिशेब असतो, असें डॉक्टर म्हणाले. आणखी कांहीं महिने गेले असते तर उजवा डोळाहि डाव्याच्या वाटेनें जाण्याची भीति होती. पहिलें इंजेक्शन त्याच आठवड्यांत झालें.

डॉक्टरांनीं आईच्या हातीं चौकोनांचा एक कागद दिला. आम्सलर नांवाच्या स्विस नेत्रतज्ज्ञानें ही युक्ति काढली. पांच-पांच मिलिमीटरांचे चौकोन; कागद सुमारें तीस सेंटिमीटरांवर धरावयाचा आणि एकेक डोळा झांकून रेघा सरळ दिसतात कीं नाहीं तें पाहावयाचें. इतक्या अंतरावरून एक चौकोन डोळ्याशीं सुमारें एका अंशाचा कोन करतो. घरीं येऊन मीं हिशेब केला: तीन इंचांचा चौकोन, बारा फुटांवरचा झोपाळा, कोन एका अंशाहून किंचित् अधिक. टीव्हीचें क्षेत्रफळ शिकवितांना मीं नकळत तोच कागद मोठा करून भिंतीवर काढला होता. यांत माझें श्रेय कांहींच नाहीं. उलट पडद्याचे सर्व गुण मोजणारा मी, झोपाळ्याचें अंतर मोजूनहि झोपाळ्यावर कोण बसतें याची चौकशी केली नव्हती. त्या मुलानें दुकानांत नेमकें तेंच विचारलें होतें.

डॉक्टरांना मीं टीव्हीविषयीं विचारलें. ते म्हणाले, "खुशाल पाहूं द्या. जवळ बसवा. जवळ बसल्यानें डोळा बिघडत नाहीं." साधें भूमितीचें सत्य, पण कोणाच्याच गुणपत्रकांत तें नव्हतें. अंतर निम्में केलें कीं चित्र दुप्पट मोठें दिसतें. बारा फुटांवरून चार फुटांवर आलें कीं तें तिप्पट होतें. म्हणजे त्रेचाळीस इंचीचा जणूं एकशेंएकोणतीस इंची होतो, आणि त्याला खुर्ची सरकविण्यापलीकडे खर्च नाहीं. गेलीं चाळीस वर्षें आई मागें बसत आली आणि आम्हीं तिला बसूं दिलें. खरी उणीव इंचांची नव्हती.

मग सौदा अर्ध्या दिवसांत झाला. त्रेचाळीस इंच पुरे. आईची खुर्ची मधोमध, पडद्यापासून चार फुटांवर येणार. म्हणजे बाकीच्यांना कडेला सरकणें भाग. म्हणून कडेनेंहि चित्र नीट दिसणारी आयपीएस जात घेतली. ज्या भिंतीवर रेघा काढल्या होत्या तिच्या समोरच खिडकी. पडद्यावर तिचा उजेड चमके, म्हणून संच पलीकडच्या भिंतीशीं बुटक्या मेजावर ठेवला. भिंतीला भोक एकहि पडलें नाहीं. संचाचा आवाज पाठीकडून, खालच्या बाजूनें निघतो. तो आईच्या कानाशीं यावा म्हणून एक निराळा ध्वनिवर्धक तिच्या खुर्चीजवळ लावला. माणसें ओळखावयास आवाज हेंच जिचें मुख्य साधन, तिच्या संचाचा हा गुण सर्वांत आधीं पाहावयास हवा होता.

त्या दुकानांत त्रेचाळीस इंची आयपीएस संच होता तो फोर केचाच. तोच आम्हीं घेतला. पुतण्याला आनंद झाला. मी मनांत म्हटलें, चार फुटांवर बसल्यावर फोर के आणि फुल एचडी यांतला भेद निरोगी डोळ्याला खरोखरच दिसतो. आमच्या घरांत तेवढ्या जवळ बसणारें माणूस एकच, आणि नेमकें तिलाच तो दिसावयाचा नाहीं. पंचावन इंचीसाठीं जमविलेल्या वर्गणींतून जें उरलें तें पुढच्या इंजेक्शनांसाठीं ठेवलें. ही सूचना धाकट्या भावाची. सवलतीचा मुद्दा त्यानें पुन्हां काढला नाहीं.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं घर पाहुण्यांनीं भरलें होतें. ओवाळणें झालें, आणि दुपारीं कोणीतरी कीर्तनाची वाहिनी लावली. आई आपल्या खुर्चीवर, सर्वांच्या पुढें बसली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती आतां चेहऱ्याकडे रोखून न पाहतां त्याच्या किंचित् कडेला पाहते. म्हणजे डोळ्याचा शाबूत भाग कामाला येतो. एक दूरच्या काकू माझ्या कानाशीं लागून म्हणाल्या, "एवढा टीव्ही आणलात, आणि तुझी आई तर भलतीकडेच पाहते आहे." मीं त्यांना कांहीं सांगितलें नाहीं. इतक्यांत आईच मागें वळून म्हणाली, "बुवांच्या गळ्यांत हार झेंडूचा आहे ना रे?" होता तो झेंडूचाच.

आतांपर्यंत तीन इंजेक्शनें झालीं. कोळशाचे चौकोन अद्याप भिंतीवर आहेत. दिवाळीच्या सफेदींत एवढा तुकडा सोडून द्या म्हणून मीं सांगितलें, तेव्हां रंगाऱ्याला आमच्या डोक्याविषयीं शंका आली असावी. परंतु पत्नीनें तो तसाच ठेवून घेतला. डॉक्टरांचा कागद देवघरांत जपून ठेवलेला आहे; आईला भिंतच सोयीची वाटते. दर रविवारीं सकाळीं, चहा झाल्यावर, ती झोपाळ्यावर बसून एक डोळा हातानें झांकते, आणि मी तारीख घालून वहींत टिपून घेतों. परवां ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली,

"आज मधल्या रेघा जरा सरळ आहेत. कीं तूं रात्रीं पुसून पुन्हां काढल्यास?"